पट्टी कोणी सैल करायची?

नोव्हेंबर हा चेन्नईचा पावसाचा महिना. महाराष्ट्रात दिवाळीनंतर हवा कोरडी होत जाते, तेव्हा इथे ईशान्येकडून आलेला पाऊस गल्लीबोळ तुंबवून टाकतो. २०२२ साली अशाच पावसात, ७ नोव्हेंबरला, उत्तर चेन्नईतल्या एका सरकारी रुग्णालयात १७ वर्षांच्या एका मुलीच्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, फुटबॉल खेळायची. गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं होतं. खेळणाऱ्या मुलामुलींना जगभर होते तीच ही दुखापत. शस्त्रक्रियेनंतर पाय घट्ट पट्टीनं आवळून बांधला होता. ती पट्टी वेळेवर सैल झाली नाही आणि पायाचं रक्त अडलं. शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवल्यावर पाय कापावा लागला. तेवढ्यानंही भागलं नाही. शरीरातले अवयव एकामागून एक थकत गेले आणि १५ नोव्हेंबरच्या सकाळी ती गेली. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी हा निष्काळजीपणा असल्याचं जाहीरपणे सांगितलं. दोन डॉक्टर निलंबित झाले, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, कुटुंबाला दहा लाख रुपये आणि भावाला सरकारी नोकरी मिळाली.

तिचं नाव तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. इथे मी ते लिहीत नाही. त्या घराचं दुःख त्या घराचं आहे, आणि मला जे म्हणायचं आहे ते एका घरापुरतं नाही.

ही बातमी वाचली तेव्हा माझा स्वतःचा डावा पाय उशीवर होता. मैलापूरच्या एका गल्लीत, साचलेल्या पाण्याखालच्या फरशीवरून पाय सटकला. शरीर एका दिशेला वळलं, पाऊल मात्र जागीच अडकून राहिलं. आतून 'टक्' असा आवाज आला, तो मी ऐकला. तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. एमआरआयच्या अहवालात लिहून आलं की पुढचं क्रूसिएट लिगामेंट अर्धवट फाटलं आहे. पहिल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि पुढच्या मंगळवारची तारीख दिली. दुसरे म्हणाले, सहा आठवडे व्यायाम करा, मग बघू. शेजारच्या मामींनी सांगितलं की दोन्हीकडे जायची गरज नाही, पुत्तूर कट्टु, म्हणजे हाडवैद्याची पट्टी, बांधून घे. तीन तोंडं, तीन सल्ले. आणि त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात त्या मुलीचा फोटो.

गुडघ्याबद्दल आपल्याकडे जो वाद चालतो, तो नेहमी एकाच प्रश्नाभोवती फिरतो: ऑपरेशन करायचं की नाही? कट्ट्यावर, लग्नात, नातेवाइकांच्या फोनवर हाच प्रश्न. गेल्या काही वर्षांत मी या विषयावर जे वाचलं, जे सोसलं आणि या शहरात जे पाहिलं, त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्या आधी विचारायचा प्रश्न असा, की जो मार्ग घ्याल त्या मार्गावर रोज तुमच्या गुडघ्याकडे पाहणारं कोण आहे? ती मुलगी लिगामेंट फाटल्यामुळे गेली नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रिया ही काही जिवावरची शस्त्रक्रिया मानली जात नाही. ती गेली ते शस्त्रक्रिया संपल्यानंतरच्या तासांमुळे, ज्या तासांना आपण उपचारात धरतच नाही.

आधी गुडघा समजून घेऊ. खुब्याचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो, म्हणून तो सहसा निखळत नाही. गुडघ्यात तशी सोय नाही. मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात आणि मध्ये दोन चंद्रकोरीच्या आकाराच्या गाद्या. हा सगळा डोलारा जागेवर धरून ठेवतात ते चार मुख्य अस्थिबंध: आतल्या बाजूला एक, बाहेरच्या बाजूला एक, आणि सांध्याच्या पोटात एकमेकांना फुलीसारखे छेदून जाणारे दोन, पुढचा आणि मागचा क्रूसिएट. तमिळमध्ये लोक अस्थिबंधाला 'जव्वु' म्हणतात. रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत मला सगळ्यांनी तोच प्रश्न विचारला, जव्वु फाटला का? आपण मराठीत सरळ 'लिगामेंट गेलं' म्हणतो. अस्थिबंध हा शब्द पाठ्यपुस्तकातून बाहेर आला नाही.

हे चार बंध सारखे भरून येत नाहीत, आणि इथेच निम्मा घोळ होतो. आतल्या बाजूचा बंध सांध्याच्या बाहेर असतो, रुंद आणि चपटा. त्याला भोवतालच्या मांसाचं रक्त मिळतं. तो अर्धवट फाटला तर बिजागरीचा पट्टा लावून आणि व्यायाम करून काही आठवड्यांत सांधतो. त्याला कापाकापी क्वचितच लागते. पुढचा क्रूसिएट मात्र सांध्याच्या आत, वंगणासारख्या द्रवात बुडालेला असतो. जखम भरायला आधी रक्ताची गुठळी धरावी लागते, तिच्या आधारानं नवे धागे विणले जातात. सांध्यातला तो द्रव गुठळी टिकूच देत नाही. फाटलेली टोकं एकमेकांना शोधत राहतात आणि मध्ये पूल सहसा बांधला जात नाही. म्हणून एखाद्याचा काका 'मी तर नुसत्या पट्ट्यानं बरा झालो' असं सांगतो, तेव्हा काकाचा कोणता बंध फाटला होता हे आधी विचारावं.

अर्धवट फाटणं म्हणजे काय? पुढचा क्रूसिएट हा दोन पेडांचा दोर आहे. एक पेड गुडघा वाकलेला असताना जास्त ताणतो, दुसरा गुडघा सरळ असताना. एक पेड तुटला आणि दुसरा शाबूत राहिला, किंवा दोन्हीतले काही धागे तुटले, तर त्याला अर्धवट म्हणतात. पण उरलेला दोर भार पेलतो की नाही, हे फिल्मवर दिसत नाही. एमआरआय पूर्ण तुटलेला बंध चांगला ओळखतो. अर्धवट फाटलेल्याच्या बाबतीत तो अनेकदा चुकतो, कारण सुजलेले धागे आणि तुटलेले धागे चित्रात सारखेच करडे दिसतात. शिवाय ते चित्र आडव्या, निश्चल गुडघ्याचं असतं. माणूस जिना उतरताना, बस पकडताना, मागे वळताना गुडघा काय करतो ते त्यात नाही. ते कळतं डॉक्टरांच्या हातांना. गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात, त्या तपासणीला लॅकमन म्हणतात. तीही पहिल्या दिवशी नीट करता येत नाही, कारण सुजेनं आणि दुखण्यानं मांडीचे स्नायू घट्ट धरून बसलेले असतात. दोनतीन आठवड्यांनी सूज उतरली की तोच गुडघा वेगळं बोलतो. म्हणून अर्धवट फाटलेल्या बंधाचा निकाल पहिल्याच भेटीत देणं मला पटत नाही. पुढच्या मंगळवारची तारीख देण्याइतकी घाई त्या दुखापतीला नसते. अपवाद आहेत. गादीचा तुकडा सांध्यात अडकून गुडघा कुलूप लागल्यासारखा झाला असेल, हाडाचा टवका निघाला असेल, किंवा एकापेक्षा जास्त बंध तुटले असतील, तर थांबण्यात अर्थ नाही.

थांबून पाहण्याच्या बाजूनं बोलायला आज भक्कम आधार आहे. स्वीडनमध्ये पुढचा क्रूसिएट पूर्ण तुटलेल्या १२१ तरुण, खेळत्या माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटानं आधी व्यायाम केला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. २०१० साली निकाल आला: दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणावा असा फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या साठेक टक्के लोकांना तोवर सुरीखाली जावं लागलेलं नव्हतं. पुढे त्याच माणसांचे एमआरआय पुन्हा पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. शस्त्रक्रिया न झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचा बंध चित्रात पुन्हा सांधलेला दिसत होता. पुढचा क्रूसिएट कधीच भरून येत नाही, हे डॉक्टरांच्या पिढ्यांनी पाठ केलेलं वाक्य तेवढं पक्कं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० जणांचा गुडघा चार आठवडे काटकोनात बांधून ठेवला, मग हळूहळू मोकळा केला. तीन महिन्यांनी दहांतल्या नऊ जणांत सांधल्याच्या खुणा दिसल्या. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून मी त्यावर फार भार टाकणार नाही. पण पूर्ण तुटलेला बंध जर इतकं करू शकतो, तर अर्ध्या फाटलेल्याला सहा आठवड्यांची संधी नाकारणं न्यायाचं नाही.

मात्र याच धाग्याचं दुसरं टोक हातात घेतल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. 'ऑपरेशन टाळा' अशी घोषणा करणारे व्हिडिओ फोनवर रोज येतात आणि ते मला तितकेच धोक्याचे वाटतात. २०२२ साली ब्रिटनमधल्या ३१६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे लोक ताज्या दुखापतीचे नव्हते. इजेला महिने लोटूनही त्यांचा गुडघा दगा देत होता. त्यांच्यात शस्त्रक्रिया झालेल्यांचं व्यायामवाल्यांपेक्षा बरं झालं. दोन्ही अभ्यास एकमेकांविरुद्ध आहेत असं वरवर वाटतं. मला ते एकाच वाक्याचे दोन भाग वाटतात: ताज्या जखमेला वेळ द्या, आणि वेळ देऊनही गुडघा दगा देत असेल तर आणखी वेळ दवडू नका. गुडघा दगा देतो त्या प्रत्येक वेळी मांडीचं हाड नडगीवरून घसरतं आणि मधल्या गाद्या चिरडतं. गाद्या गेल्या की चाळिशीत संधिवात. जितका जास्त भाग फाटलेला, वय जितकं कमी, खेळ जितका वळणा-वळशांचा, तितका उरलेला पेडही तुटण्याचा संभव जास्त. कबड्डी, फुटबॉल, खो-खो खेळणाऱ्या पोराला आणि माझ्यासारख्या खुर्चीत बसून लिहिणाऱ्या बाईला एकच सल्ला देता येत नाही. मी व्यायामाचा मार्ग घेतला आणि माझा गुडघा सावरला. यावरून दुसऱ्या कुणी काहीही ठरवू नये.

दोन्ही मार्गांना एक गोष्ट मात्र समान आहे, आणि ती कुणी सांगत नाही. दोन्ही मार्ग महिन्यांचे आहेत. गुडघा दुखावला की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला झोपवतो. माणसानं कितीही ठरवलं तरी तो आवळत नाही, आठवड्याभरात मांडी डोळ्यांदेखत बारीक होते. त्याला जागं करणं हे पहिलं काम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय सरळ उचलायचा, दिवसातून कितीतरी वेळा. गुडघा पूर्ण सरळ होणं हे दुसरं काम. शेवटचे चारपाच अंश राहिले तर माणूस जन्मभर लंगडतो. मग सायकल, मग अर्ध्या बैठका, मग एका पायावर तोल, मग उडी, मग धावता धावता वळणं. शस्त्रक्रिया झाली असेल तरी हीच पायरी अन् पायरी चढावी लागते. उलट तिथे एक फसवा टप्पा जास्तीचा असतो. मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून नवा बंध म्हणून बसवतात. ती दोरी आधी निर्जीव होते, मग हळूहळू तिच्यात नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या शिरतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती सगळ्यांत कमजोर असते, आणि नेमका तेव्हाच गुडघा दुखायचा थांबलेला असतो. पोराला वाटतं आपण बरे झालो. संघाचे प्रशिक्षक म्हणतात, जिल्ह्याची निवड चाचणी आहे, ये. नॉर्वेतल्या एका अभ्यासानं दाखवलं आहे की नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरलेल्यांचे गुडघे पुन्हा दुखावण्याचं प्रमाण खूप जास्त असतं. नवव्या महिन्यापर्यंत थांबलेला प्रत्येक महिना तो धोका जवळपास निम्म्यानं कमी करतो.

हे नऊ महिने कोण सांभाळणार?

त्या मुलीला जाऊन बरोबर दहा आठवडे झाले होते तेव्हा, २४ जानेवारी २०२३ ला, याच शहरातल्या चेपॉकच्या मैदानावर रवींद्र जडेजा सौराष्ट्राकडून तामिळनाडूविरुद्ध रणजी सामना खेळायला उतरला. सप्टेंबरमध्ये त्याच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. दुसऱ्या डावात त्यानं ५३ धावांत ७ बळी घेतले. फेब्रुवारीत नागपूरच्या कसोटीत पहिल्याच डावात ऑस्ट्रेलियाचे पाच गडी बाद केले आणि सत्तर धावाही काढल्या. त्याच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण त्या मेहनतीमागे बंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी होती, फिजिओ होते, रोजची मोजमापं होती, आणि 'अजून नाही' असं म्हणायचा अधिकार असलेली माणसं होती. चेन्नईचा लाडका धोनी २०२३ चा अख्खा आयपीएल हंगाम दुखऱ्या डाव्या गुडघ्यावर खेळला आणि अंतिम सामना संपल्यावर दोनच दिवसांत, १ जूनला, मुंबईत त्याची शस्त्रक्रिया झाली. या गुडघ्यांकडे सगळा देश पाहत होता. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात ७ नोव्हेंबरच्या रात्री त्या मुलीच्या पायाच्या बोटांकडे पाहणं एवढंच हवं होतं. एक फुटबॉलपटू आणि एक क्रिकेटपटू, एकच शहर, एकाच ऋतूची दोन टोकं. त्यांच्यातलं अंतर शस्त्रक्रियेच्या कौशल्याचं नाही. ते देखरेखीचं आहे.

आता पुत्तूर कट्टुकडे येते. चेन्नईत नवख्या माणसाला आधी आश्चर्य वाटतं ते या पाट्यांचं. जवळजवळ प्रत्येक भागात एखादी पाटी दिसतेच. आंध्रातल्या पुत्तूरजवळच्या एका गावातली हाड बसवण्याची ही जुनी परंपरा. पाल्याचा लेप, अंड्याचा पांढरा बलक, बांबूच्या कांबी आणि वर कापडाची पट्टी. आपल्याकडच्या हाडवैद्याचीच ही दाक्षिणात्य भावकी. वैद्यकाची पुस्तकं वाचणारे लोक याकडे तुच्छतेनं पाहतात, आणि घट्ट बांधलेल्या कांबींमुळे हात-पाय काळे पडून कापावे लागल्याची उदाहरणं अस्थिरोगाच्या प्रत्येक शिक्षकाकडे असतात. ते खरंच आहे. सांध्याच्या पोटात तुटलेला बंध बाहेरच्या लेपानं जुळत नाही, हेही खरंच. मी स्वतः तिथे गेले नाही आणि कुणाला जा म्हणणार नाही. पण मामींना तिथे का जावंसं वाटतं, हे मी त्यांच्या शेजारी बसून समजून घेतलं. तिथे बांधणारा माणूस दर आठ-दहा दिवसांनी परत बोलावतो. पट्टी सोडतो, हात फिरवून बघतो, बोलतो, नवी बांधतो. पैसे थोडे लागतात आणि ओळख पटते. मोठ्या दवाखान्यात त्यांना टोकन मिळतं, दर वेळी नवा डॉक्टर मिळतो. त्यांचा विश्वास लेपावर कमी आणि परत येण्यावर जास्त आहे. आणि मग जी दुर्घटना आपण हाडवैद्याच्या माथी मारतो, घट्ट पट्टीनं रक्त अडण्याची, तीच २०२२ साली शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, सगळं असलेल्या ठिकाणी घडली. पट्टी कोणत्या शास्त्राची आहे हे रक्तवाहिनीला कळत नाही. ती दाबली गेली की दाबली गेली.

हे कसं घडतं ते प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं. शस्त्रक्रियेनंतर पाय सुजणारच. पट्टी बाहेरून ताणत नाही, त्यामुळे सूज आत दाबत जाते. आधी नीला दबतात, रक्त परत जायचं थांबतं, दाब आणखी वाढतो आणि शेवटी रक्त आत येणंही थांबतं. स्नायू चार ते सहा तास रक्ताविना राहिला की मरू लागतो. मेलेल्या स्नायूतलं विष रक्तात उतरून मूत्रपिंडं तुंबवतं, हृदयाची लय बिघडवतं. पायाची नाडी बंद पडणं ही फार उशिराची खूण आहे. पहिली खूण असते वेदना: औषध देऊनही न थांबणारी, जखमेच्या मानानं अति वाटणारी, पायाची बोटं कुणी वर ओढली तर किंचाळायला लावणारी. त्यानंतर मुंग्या, बधिरपणा, गार आणि फिकी त्वचा. म्हणजे धोक्याची पहिली घंटा यंत्रातून वाजत नाही, रुग्णाच्या तोंडून वाजते. आणि आपल्या वॉर्डांत वेदनेबद्दल काय बोललं जातं? 'ऑपरेशन झालंय, दुखणारच.' 'एवढं काय रडतेस?' मुलींना हे जरा जास्तच ऐकावं लागतं.

सोसण्याचं हे कौतुक रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाही. ते खूप आधीपासून रुजवलेलं असतं. मी राहते त्या भागात पहाटे आणि संध्याकाळी भरतनाट्यमच्या वर्गांतून तट्टुकळीचा, ताल धरायच्या काठीचा, आवाज येतो. या नृत्याचा आजचा साचा घडवणारे चार तंजावर बंधू आपल्या सरफोजी महाराजांच्या दरबारात होते, ही गोष्ट इथला प्रत्येक मराठी माणूस अभिमानानं सांगतो, मीही सांगते. या नृत्याचा पाया अरैमंडी: अर्धं बसायचं, गुडघे दोन्ही बाजूंना उघडायचे, आणि त्याच अवस्थेत जमिनीवर पाय मारायचे. खुब्यातून पाय पुरेसा बाहेर वळत नसेल तर तो वळसा गुडघा भरून काढतो, आणि आतला बंध व गादी वर्षानुवर्षं थोडी थोडी पिळली जाते. ज्या गुरूंना शरीर कळतं ते आधी खुब्याकडे पाहतात. ज्यांना कळत नाही ते म्हणतात, अजून खाली बस. मार्गळीच्या मोसमात, डिसेंबर-जानेवारीत, कार्यक्रमाची तारीख ठरलेली असते आणि गुडघ्याचा पट्टा घागऱ्यासारख्या वेशाखाली लपतो. फुटबॉलच्या मैदानावरही तेच. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत फुटबॉल आणि कॅरम यांचं केवढं वेड आहे ते पाहण्यासारखं आहे. पण कडक जमीन, झिजलेले बूट, आणि मुलींच्या गुडघ्याला मुलांपेक्षा कितीतरी जास्त धोका असतो हे ठाऊक नसलेले प्रशिक्षक. उडी मारून उतरताना गुडघे आत वळू न देण्याचं शिक्षण, वीस मिनिटांचा ठरावीक सराव, एवढ्यानं अशा दुखापती बऱ्याच कमी होतात हे सिद्ध झालेलं आहे. फिफानं तो सराव सगळ्या जगासाठी खुला ठेवला आहे. त्याला ना यंत्र लागतं ना पैसा.

पैशाचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे उपचाराचे पैसे कोण आणि कशाचे देतं हे पाहिलं की डॉक्टरांची घाईही थोडी उलगडते. तामिळनाडूत मुख्यमंत्र्यांची विमा योजना आहे, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. लाखो गरिबांना त्यांनी आधार दिला आहे, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण या योजना शस्त्रक्रियेचं पॅकेज ओळखतात. खासगी विमाही बहुधा दाखल झालेल्यालाच पैसे देतो. जो माणूस दाखल न होता सहा महिने आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्टकडे जातो, त्याचे पैसे त्याच्याच खिशातून जातात, आणि ज्या दिवशी तो जातो त्या दिवसाची मजुरीही बुडते. म्हणजे कापणं फुकट आणि न कापणं महाग. आणि कापल्यानंतरचा व्यायामही पुन्हा महाग. अशा हिशोबात 'रुग्णानं व्यायाम केला नाही' हा ठपका ठेवणं मला क्रूर वाटतं. व्यासपीठावरून 'रुग्णकेंद्री' वगैरे बोलणाऱ्यांनी एकदा रोजंदारीवरच्या माणसाचा मंगळवार मोजून पाहावा.

उत्तर फार दूर शोधायला नको. याच राज्यानं ५ ऑगस्ट २०२१ ला 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' सुरू केलं: वैद्यक लोकांच्या दारी. रक्तदाब आणि मधुमेहाची औषधं घरपोच, अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा, आणि त्यात फिजिओथेरपीसुद्धा. फिजिओथेरपिस्ट सरकारच्या पगारावर घरोघर जाऊ शकतो, हे तामिळनाडूनं करून दाखवलं आहे. त्याच यादीत गुडघ्याला दुखापत झालेली तरुण पोरं घालायची राहिली आहेत. के. के. नगरमध्ये सरकारी पुनर्वसन संस्था आहे. ज्ञान आहे, माणसं आहेत. गुडघ्याची शस्त्रक्रिया मंजूर होते त्याच कागदावर पुढच्या नऊ महिन्यांच्या भेटी मंजूर व्हाव्यात, आणि शस्त्रक्रिया नाकारलेल्यालाही तेवढ्याच भेटी मिळाव्यात, एवढं मागणं आहे. महाराष्ट्रानं तर यात तामिळनाडूची सरळ नक्कल करावी. चांगल्या गोष्टीची नक्कल करण्यात कमीपणा नाही.

सरफोजींचं नाव वर आलं, म्हणून एक गोष्ट सांगते. तंजावरच्या सरस्वती महालात त्यांच्या काळच्या नेत्ररुग्णांचे कागद आहेत. रुग्णाची तक्रार काय, उपचार कोणते केले, सोबत डोळ्यांची रंगीत चित्रं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशातले हे कागद. एक मराठी राजा, कावेरीच्या काठी, एकेका माणसाच्या डोळ्याची नोंद ठेवण्याइतकं महत्त्व त्या माणसाला देत होता. मला त्या कागदांचं मोल वैद्यकीय ज्ञानापेक्षा या सवयीसाठी जास्त वाटतं: पुन्हा पाहायचं आणि पाहिलेलं लिहायचं. आजच्या वॉर्डात शस्त्रक्रिया झालेल्या पायाजवळ असाच एक कागद लटकवता येतो. तासातासाला एक ओळ: बोटांचा रंग, बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, दुखणं किती. पाहणाऱ्याचं नाव. रात्री अकराची ओळ, बाराची ओळ, एकची ओळ. रिकामी राहिलेली ओळ लांबूनही दिसते.

आणि घरी पाठवताना हातात दिला जातो तो दुसरा कागद. माझ्या हाती आला त्यावर गोळ्यांची नावं, बिलाची रक्कम आणि पुढची तारीख होती, सगळं इंग्रजीत. शेजारच्या बाकावर एका मुलाच्या आईनं तसाच कागद उलटा धरला होता. तो तिच्या भाषेत असावा, मोठ्या अक्षरांत असावा, आणि त्यावर गोळ्यांच्याही आधी लिहिलेलं असावं: औषध घेऊनही पाय असह्य दुखत असेल, बोटं गार किंवा बधिर वाटत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. पट्टी सैल करा आणि लगेच या. रात्रीचे दोन वाजले असले तरी या. या क्रमांकावर फोन करा, कुणीतरी उचलेल.